पास पाहून उधारी



चिंचवडगावात आज जिथे एल्प्रो सिटी स्क्वेअर हा मॉल आहे, तिथे एल्प्रो इंटरनॅशनलचा कारखाना होता. आकाशातली वीज तारांवर कोसळली तर तिचा दणका जमिनीत उतरवून रोहित्र वाचवणारे अरेस्टर तिथे बनत. आता तिथे कपडे, बूट, सिनेमा आणि खाण्यापिण्याची दुकानं आहेत, आणि रविवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. मी विषयाला इथून हात घालतो, कारण आपल्या गावाची सगळी अडचण या एका जागेत आली आहे. गेलेल्याचं दुःख करावं, तर त्याच्या जागी आलेलं डोळ्यांसमोर लखलखतं आहे. इतर ठिकाणी कारखाने गेले की गावं ओस पडतात. आपलं गाव फुगलं. २००१ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची वस्ती दहा लाख होती, २०११ मध्ये ती सतरा लाखांवर गेली. एवढ्या गर्दीत कोणी म्हटलं की आमचं गाव गेलं, तर लोक त्याच्याकडे विचित्र नजरेने बघतात. आज मला त्या माणसाची बाजू मांडायची आहे.

हळहळ फक्त कारखान्यांची होत नाही. बंद पडलेल्या मॉलची हळहळही आता जगभरातली गोष्ट झाली आहे. अमेरिकेत ओहायो राज्यात क्लीव्हलंड शहराजवळ १९७६ साली रँडल पार्क नावाचा मॉल उघडला. जगातला सर्वांत मोठा म्हणून तो तेव्हा मिरवला. २००९ मध्ये तो बंद पडला, पुढे पाडला गेला, आणि आता त्या जागेवर अ‍ॅमेझॉनचं गोदाम आहे. आपल्या मुंबईत हाजीअलीला क्रॉसरोड्स झाला, १९९९ साली. देशातल्या अगदी पहिल्या मॉलपैकी तो एक. गर्दी इतकी लोटली की सुरुवातीला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर साठ रुपये भरून आत या, असा नियम करावा लागला होता. पुढे त्याचं नाव बदललं, मालक बदलले, दुकानं एकेक करून उठली आणि अखेर तो मॉलही बंद पडला. ती जागा मूळची रोश या औषध कंपनीच्या कारखान्याची. म्हणजे औषधाचा कारखाना गेला, मॉल आला, आणि मॉल तर कारखान्याएवढाही टिकला नाही.

२०२२ साली बिग बझारच्या पाट्या देशभर उतरल्या, तेव्हा माझ्या पुतणीला वाईट वाटलं होतं. तिच्या पिढीतल्या कितीतरी मुलींनी पहिल्या पगारात आईसाठी साडी किंवा मिक्सर घेतला तो अशाच दुकानातून. सव्वीस जानेवारीच्या सेलला रांगेत उभं राहायचं, सरकत्या जिन्यावर आजीचा हात धरून तिला पहिल्यांदा चढवायचं, एसीच्या गारव्यात काही न घेताच दोन तास काढायचे. या आठवणींना उथळ म्हणणाऱ्यांतला मी नाही. ज्या मुलीला घरात मैत्रिणीला बसवायला खोली नव्हती, तिला मॉलचा बाक ही मोठी सोय होती. पण त्या दुकानाला तिचं नाव ठाऊक नव्हतं. पैसे असतील तर घ्या, नसतील तर फिरून जा, एवढाच त्याचा आणि तिचा संबंध. माझ्या पुतणीच्या आजोबांचा पिंपरी कँपातल्या दुकानदाराशी जो संबंध होता, तो वेगळ्या जातीचा होता. त्याकडे मी येतोच. आधी एका कारखान्याबद्दल सविस्तर बोलायला हवं.

हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. आपल्या भाषेत एच.ए. आणि जुन्या माणसांच्या तोंडी पेनिसिलिन फॅक्टरी. १० मार्च १९५४ रोजी ही कंपनी स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने. सार्वजनिक क्षेत्रातला देशातला हा पहिला औषध कारखाना. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, पिंपरीत पेनिसिलिन तयार होऊ लागलं. तोपर्यंत ते परदेशातून येत होतं. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची, आपली नगरपालिका १९७० ची, महापालिका १९८२ ची. म्हणजे शहराच्या आधी कारखाना. या शहराची जन्मपत्रिका मांडायची तर तिचं पहिलं घर एच.ए.चं आहे.

तिथलं काम कसलं होतं, ते थोडं सांगतो, कारण कामाचा स्वभाव माणसांत उतरतो. पेनिसिलिन ही बुरशीची करणी. प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यात बुरशीचं बी धरायचं, ते छोट्या टाकीत वाढवायचं आणि मग हजारो लिटरच्या मोठ्या टाकीत सोडायचं. टाकीत साखर आणि मक्याच्या स्टार्चच्या धंद्यातून निघणारं दाट पाणी. खालून निर्जंतुक हवा अखंड सोडायची, आतला पंखा अखंड फिरता ठेवायचा, तापमान जराही हलू द्यायचं नाही. हे आठवडाभर. मधेच बाहेरचा एखादा जंतू आत शिरला की सगळी टाकी गटारात. भोंगा वाजला म्हणून हे काम थांबत नाही. बुरशीला रविवार नसतो, दिवाळीही नसते. त्यामुळे लक्ष्मीपूजनाच्या रात्री टाकीवर कोणीतरी असायचंच, आणि ज्याची पाळी असेल त्याच्या घरी फराळाचा डबा शेजारचे पोचवायचे. कॉलनी, शाळा, दवाखाना, मैदान हे सगळं कारखान्याला लागून होतं ते हौसेखातर नव्हतं. ज्याला मध्यरात्री बोलावणं येऊ शकतं, तो माणूस हाकेच्या अंतरावर राहायला हवा.

आणि हा नुसता परक्याचं तंत्र गिरवणारा कारखाना नव्हता. एम. जे. तिरुमलाचार यांच्यासारखे शास्त्रज्ञ इथल्या संशोधन विभागात होते. बुरशीजन्य रोगांवरचं हॅमायसिन हे औषध साठच्या दशकाच्या सुरुवातीला इथे सापडलं. त्याच्या नावातली पहिली दोन इंग्रजी अक्षरं एच आणि ए, म्हणजे आपल्याच एच.ए.ची. पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंजिनही इथलंच. पवनेच्या काठावरच्या एका गावाने जगाच्या औषधांच्या यादीत स्वतःची भर घातली होती, हे आज शाळेतल्या किती मुलांना सांगितलं जातं?

मग उतरण लागली. त्याला एक कारण नाही. सरकारी औषध कंपनीने स्वस्त विकायचं, आणि ते योग्यच होतं. पण स्वस्त विकणाऱ्याकडे नवी यंत्रं घ्यायला शिल्लक उरत नाही. बुरशीचं वाण सतत सुधारावं लागतं. एका टाकीतून जास्तीत जास्त पेनिसिलिन काढण्याच्या शर्यतीत आपण इतर देशांच्या मागे पडलो. निर्णय दिल्लीत अडकत. १९९१ नंतर आयात खुली होत गेली, आणि चीनने उभारलेल्या प्रचंड कारखान्यांतून पेनिसिलिन-जी इतक्या कमी भावात येऊ लागलं की देशातल्या खाजगी उत्पादकांनीही त्याचं उत्पादन गुंडाळलं. १९९७ मध्ये एच.ए. आजारी उद्योग म्हणून बीआयएफआर या अशा उद्योगांसाठीच्या सरकारी मंडळापुढे गेली. औषधं बनवणारी कंपनीच आजारी.

२०१६ हे वर्ष मला कधीच विसरता येणार नाही. त्या जानेवारीत एकोणनव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या गावात भरलं ते एच.ए.च्या मैदानावर. मांडव, दिंडी, ग्रंथदालनं, लाखो माणसं. तुमच्यापैकी पुष्कळजण होते. त्याच काळात त्याच कारखान्यातल्या कामगारांचे पगार महिनोन्महिने थकलेले होते. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवलं की एच.ए.ची ८७.७० एकर अतिरिक्त जमीन विकून ८२१ कोटींची देणी फेडायची. २०१९ मध्ये थकलेले पगार आणि स्वेच्छानिवृत्ती यांसाठी आणखी सुमारे २८० कोटी मंजूर झाले. कारखान्याला कुलूप लागलेलं नाही, हे मी मुद्दाम सांगतो. कोविडमध्ये तिथे सॅनिटायझर बनलं. पण ज्या पेनिसिलिनच्या नावाने लोक त्या कारखान्याला ओळखत होते, ते बुरशीपासून बनवणं तिथे राहिलं नाही. २०२० साली केंद्र सरकारने परदेशावरचं अवलंबन कमी करण्यासाठी जी प्रोत्साहन योजना आणली, तिच्या यादीत पेनिसिलिन-जी आहे. त्यातून कारखाना उभा राहिला आंध्रात, काकीनाड्याकडे. त्याचा मला आनंदच आहे. पण १९५५ साली जे आपण करत होतो, तेच देशाला पुन्हा नव्याने सुरू करावं लागलं, आणि मधल्या काळात पिंपरीतल्या दोन पिढ्यांनी हातात धरलेलं कसब निवृत्तीच्या हारतुऱ्यांबरोबर घरी गेलं. यंत्र विकत घेता येतं. टाकीचा वास आला की आत काहीतरी बिघडतंय हे ओळखणारं नाक विकत मिळत नाही.

आता कँपातला दुकानदार.

माझे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात होते. त्यांचं पगारपत्रक माझ्याकडे आहे: बोटभर रुंदीची, हाताला पातळ लागणारी कागदाची पट्टी, कार्बनने उमटलेली जांभळी अक्षरं. डावीकडे मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडं, रात्रपाळीचा भत्ता. उजवीकडे कपाती: फंड, ईएसआय, सोसायटीचा हप्ता, विमा, कँटीन. शेवटी हातात येणारी रक्कम, आणि ती वाचायला फार उत्साह वाटू नये इतकी लहान. उजवी बाजू नीट वाचा. फंड म्हणजे म्हातारपण. ईएसआय म्हणजे आजारपण. सोसायटी, म्हणजे कामगारांची पतपेढी, तिच्यातून बहिणीचं लग्न आणि गावाकडची विहीर. विमा म्हणजे माणूस गेला तर मागच्यांची सोय. पगारातून जे वजा होत होतं, तीच त्या माणसाची खरी मालमत्ता होती.

फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसवलेला पिंपरी कँप ही आमची बाजारपेठ. बोनस झाला की अख्खी पहिली पाळी तिकडे उतरायची. आमच्या घरी पहिला फ्रिज आला तो रोख पैशांवर नाही. दुकानदाराने वडिलांचा कंपनीचा पास हातात घेतला, फोटो बघितला, उलटून तिकीट नंबर वहीत टिपला आणि म्हणाला, "घेऊन जा. दर महिन्याच्या दहा तारखेला या." ना जामीनदार, ना सही-शिक्का. त्याला माहीत होतं की हा माणूस पुढच्या दहा तारखेला असेल, पुढच्या वर्षीच्या दहा तारखेलाही असेल. स्वतः सगळं मागे टाकून आलेल्या त्या दुकानदाराने इथे कशावर विश्वास टाकला असेल, तर तो त्या पासावर. पर्मनंट या शब्दाला या गावात जी किंमत होती, ती स्थळ बघायला येणाऱ्यांनाही ठाऊक होती आणि बँकेच्या साहेबालाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, श्रोतेहो. गेलं ते पत्र्याचं छप्पर नाही, भोंगाही नाही. पुढची दहा तारीख गेली. शहराची उंची वाढली, रस्ते रुंद झाले, ६ मार्च २०२२ पासून मेट्रो धावते आहे, आणि तरीही जुन्या माणसाला झीज जाणवते ती या ठिकाणी. त्याच्या पोरांना जास्त पगार असेल, पण पास पाहून उधारी देणारं कोणी नाही. त्याऐवजी मोबाइलवर कर्ज देणारी अ‍ॅप आहेत, आणि ती काय व्याज लावतात, वसुलीसाठी कोणाकोणाला फोन करतात, ते चाकणच्या कारखान्यांतल्या पोरांना विचारा.

ही झीज एका एच.ए.पुरती नाही. बजाज आकुर्डीत साठच्या दशकापासून स्कूटर बनवत होती. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत, तो काळ इथल्या कामगारांनी आतून बघितला. राहुल बजाज कारखान्याच्या आवारातल्या वसाहतीतच राहत. मालक आणि कामगार एकाच फाटकातून आत जायचे. २००७ मध्ये आकुर्डीत गाड्या बनणं थांबलं आणि काम चाकण आणि उत्तराखंडातल्या पंतनगरकडे गेलं. जकातीचा बोजा हे त्याचं एक कारण सांगितलं गेलं, आणि याच जकातीवर आपली महापालिका श्रीमंत म्हणून नावाजली होती. ज्या फांदीवर बसलो तिलाच आपण कुऱ्हाड लावली असं म्हणणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत नाही. जमिनीचे भाव चढले की कारखान्याने यंत्र चालवण्यापेक्षा जागा विकणं फायद्याचं ठरतं, आणि ते गणित जकात गेली तरी बदललं नाही. बजाजने निदान २०२२ मध्ये आकुर्डीत विजेवरच्या चेतकचा कारखाना उभारला. पुष्कळ जागांवर एवढंही झालं नाही, तिथे थेट टॉवर झाले.

काम मात्र गेलं कुठे? चाकणला. एकेकाळी कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी माहीत असलेलं गाव. बजाज १९९९ ला आली, २००९ मध्ये फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि पाठोपाठ महिंद्रा. तळेगावात जनरल मोटर्सने २००८ ला कारखाना टाकला आणि २०२० च्या डिसेंबरात उत्पादन थांबवलं. बारा वर्षं. एच.ए.च्या टाकीवर एखादा हेल्पर ऑपरेटर होईपर्यंत जेवढा काळ जायचा, तेवढ्यात एका मोटार कारखान्याचा जन्म आणि अखेर दोन्ही उरकलं.

चाकणजवळच्या म्हाळुंग्याच्या एका खोलीत मी गेलो होतो. दहा बाय बाराची खोली, सहा खाटा, आणि राहणारे नऊ. पहिल्या पाळीचा मुलगा उठून गेला की त्याच उबदार अंथरुणावर रात्रपाळीचा येऊन झोपतो. खिडकीत टूथब्रश खोचलेले, दोरीवर तीन ठेकेदारांचे तीन रंगांचे गणवेश. लातूर, बीड, बुलढाणा, बिहार. बहुतेकजण आयटीआय किंवा डिप्लोमा झालेले. कोणी ठेकेदारामार्फत, कोणी नीम नावाच्या केंद्राच्या तेव्हाच्या योजनेखाली ट्रेनी म्हणून राहिलेला. ट्रेनीला पगार नसतो, स्टायपेंड असतो, आणि त्यातून फंड कापला जात नाही. तेवीस वर्षांच्या एका मुलाने मला त्याच्या मोबाइलमधला स्टायपेंडचा मेसेज दाखवला. उजवी बाजू कोरी. मी त्याला विचारलं, रविवारी काय करता? म्हणाला, "काका, चिंचवडला जातो, मॉलमध्ये. फोटो काढतो, घरी पाठवतो. आईला वाटतं, पोरगं चांगल्या ठिकाणी आहे." तो मॉल उद्या बंद पडला तर या मुलालाही त्याची आठवण येईल, आणि ती आठवण खरी असेल. पण तो मुलगा तिथे माल घेत नाही, समाधान घेऊन आईला पाठवतो.

जुन्या दिवसांची आरती ओवाळण्याचं काम मला करायचं नाही. पर्मनंटचं सुख सगळ्यांना नव्हतं. त्याच कारखान्यांत झाडूवाले, माथाडी, बदली कामगार होते, आणि त्यांच्या हातात तसा पास कधीच आला नाही. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या पिंपरी, भोसरी, आकुर्डीच्या शेतकऱ्यांना मोबदला किती मिळाला आणि नोकरी कितीजणांना मिळाली, हा हिशेब जुनी घराणी अजून मांडतात, आणि त्यांना तो मांडायचा अधिकार आहे. कामगारांची ताकद होती, पण तीही सहज मिळाली नव्हती. १९८९ साली टेल्को या पिंपरीतल्या वाहन कारखान्याचे कामगार शनिवारवाड्यापुढे उपोषणाला बसले आणि मध्यरात्री पोलिसांनी त्यांना उचललं, हे याच जिल्ह्यात घडलं. स्मरणरंजनात या माणसांना जागा नसेल, तर ते निम्म्या गावाचं स्मरण होईल. मला पूर्ण गावाचं हवं आहे. म्हणूनच चाकणच्या त्या खोलीचाही उल्लेख केला. आजपासून तीस वर्षांनी त्या खाटांचीही आठवण निघेल, आणि तेव्हा तिचा पुरावा मागितला जाईल.

तो पुरावा आज आपल्या हातात आहे आणि रोज थोडा थोडा भंगारात जातो आहे. कंपनी बंद होते तेव्हा हजेरीपट, नकाशे, टाकीची रोजची नोंदवही हे सगळं किलोवर जातं. म्हातारा माणूस जातो तेव्हा पत्र्याची ट्रंक उघडली जाते, आणि मुलं मालमत्तेचे कागद ठेवून बाकीचं रद्दीवाल्याला देतात. एच.ए.च्या जमिनीचं पुढे जे काही व्हायचं ते होईल. ते आपल्या हातात नाही. पण तिथली जी यंत्रं अजून शाबूत आहेत त्यांतलं एक तरी, शक्यतो पेनिसिलिनची टाकी, या शहरात लोकांना बघता येईल अशा जागी उभं राहावं, शेजारी हॅमायसिनची गोष्ट मराठीत लिहिलेली असावी, ही मागणी महापालिकेकडे आणि केंद्राकडे लेखी जायला हवी. तिचा मसुदा या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांकडे तयार आहे.

आणि दुसरी गोष्ट आपल्या हातातली. घरी जाऊन ट्रंका उघडा. पगारपत्रकं, पास, कँटीनची कूपनं, युनियनच्या पावत्या, बोनसची नोटीस, पाळीच्या बसचा फोटो, कँपातल्या दुकानदाराची हप्त्याची वही. बदली कामगारांनी आपला हजेरीचा चिटोरा आणावा. जमिनी गेलेल्यांनी भूसंपादनाची नोटीस आणावी. चाकणला खोली करून राहणाऱ्या मुलांपर्यंत हा निरोप पोचवा, त्यांनी स्टायपेंडचा मेसेज आणि ठेकेदाराचं ओळखपत्र यांचा फोटो पाठवला तरी चालेल. मूळ कागद तुमचाच राहील, आम्ही फक्त प्रत काढू. सभागृहाच्या दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. तिच्यात नाव, कंपनी, खातं, तिकीट नंबर आणि कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, एवढं लिहून जा. ज्यांना लिहायला त्रास होतो त्यांच्यासाठी टेबलामागे मुली बसल्या आहेत, त्यांना सांगा, त्या उतरवून घेतील.